सीजे३बीचा मागचा डिफ: क्राउनचे बोल्ट मिळाले, कव्हरची भोकं सरळ झाली

माझ्या जुन्या सीजे३बी जीपच्या मागच्या डिफचं (डिफरेन्शियल, म्हणजे ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटणारा गिअरचा संच) काम अखेर मार्गी लागलंय. कव्हरमधून तेल झिरपत होतं म्हणून उघडलं, तर आत क्राउनच्या (डिफमधल्या मोठ्या दातेरी चक्राच्या) बोल्टांच्या लॉक-पट्ट्या (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून डोक्याला अडकवायच्या पट्ट्या) तुटलेल्या. काही बोल्टांच्या डोक्यांवर ग्रेडच्या, म्हणजे कस सांगणाऱ्या, रेघा होत्या, काहींची डोकी कोरी. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी मिळेल तो बोल्ट मारून गाडी रस्त्याला लावली होती. दात मात्र शाबूत आहेत. कव्हरच्या बोल्टाखालची पत्र्याची चकतीही जागेवरच आहे. घासून पुसल्यावर तिच्यावरचे ४३ आणि ८ हे आकडे दिसले, तेव्हा फार बरं वाटलं. ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८ चा मूळ रेशो: क्राउनला फिरवणारं छोटं चक्र, म्हणजे पिनियन, ५.३८ वेळा फिरलं की क्राउन एकदा फिरतो.

बोल्टांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं घरात आणि गॅरेजात दोन्हीकडे विचारून झालंय. कारण असं, की या डाना ४४ मॉडेलच्या डिफमध्ये बोल्टाचे आटे थेट क्राउनमध्ये कापलेले असतात. चुकीचा बोल्ट जोर लावून घुसवला की आटे खाल्ले जाणार ते क्राउनचे. क्राउन-पिनियन जोडीनंच लॅप केलेले (एकमेकांवर घासून जुळवलेले) असतात, त्यामुळे एक गेला की जोडीच गेली. आणि भार किती येतो तेही बघा. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरपेटीचा) लो अडीचच्या आसपास, त्यावर डिफचे ५.३८. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) इथे पोहोचेपर्यंत सदतीसेक पट होतो. चारही चाकं लागलेली असली तर तो पुढे-मागे वाटला जातो, पण एक चाक दगडाला अडलं की वाटणी कशी होईल सांगता येत नाही. हा भार बोल्टानं कात्रीत सापडल्यासारखा आडवा झेलायचा नसतो. बोल्टानं क्राउन डिफच्या केसवर (तो ज्यावर बसतो त्या कवचावर) इतका घट्ट दाबून धरायचा, की दोन पृष्ठभागांमधलं घर्षणच तो पेलेल. म्हणून जाडीइतकाच बोल्टाचा कस महत्त्वाचा.

आता मापं. क्राउनचा बोल्ट तीन सुती, म्हणजे ३/८ इंच, आटे इंचाला २४, यूएनएफ (बारीक आटा). डोक्याला ९/१६ चा पाना. कव्हरचे दहा बोल्ट अडीच सुती, ५/१६ इंच, आटे १८, यूएनसी (जाड आटा). डोक्याला अर्ध्या इंचाचा पाना. तिथे १३ मिमीचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७. थोडं गंजलेलं डोकं असलं की कोपरे गोल झालेच.

दुकानात नुसतं "तीन सुती द्या" म्हटलं की खरा घोळ सुरू होतो. तीन सुतीत जाड आट्याचा यूएनसी १६ चा, जुना ब्रिटिश बीएसएफ २० चा, आपला २४ चा, आणि शेजारच्या डब्यात मेट्रिकचा एम१० (१० मिमी). आपल्याकडे हे सगळं एकत्र नांदतं याला इतिहास आहे. मुंबईत महिंद्रानं विलीजच्या सुट्या भागांतून जीप जुळवायला घेतली ती १९४७ मध्ये, म्हणजे माप अमेरिकन इंचाचं. बाजार मात्र इंग्रजांच्या काळापासून व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश आट्याचा. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच युनिफाइड आटा (यूएनसी, यूएनएफ) ठरवला १९४८ मध्ये. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक आलं. जुन्या जीपच्या पोटात या तिन्ही पिढ्यांचे बोल्ट सापडतात, त्यामुळे निघालेला बोल्ट नमुना म्हणून दुकानात न्यायचा नाही. आधी भोक तपासायचं, मग बोल्ट.

व्हिटवर्थची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. १/४ पासून ७/१६ पर्यंत व्हिटवर्थ आणि यूएनसी यांचे आटे इंचाला तितकेच. ५/१६ मध्ये दोन्ही १८. बोल्ट हातानं फिरतोसुद्धा. फरक कोनात आहे: व्हिटवर्थचा ५५ अंश आणि शेंडे गोलसर, युनिफाइडचा ६०. आपल्याकडच्या थ्रेड गेजच्या (आटे तपासायच्या दातेरी पानांच्या) संचात बहुधा दोन्ही बाजू असतात. ५५ च्या बाजूचं १८ चं पान माझ्या चांगल्या बोल्टावर ठेवून खिडकीकडे धरलं, तर वरवर बसलेलं, पण आट्याच्या कडेनं उजेडाची बारीक पाचर दिसत होती. ६० चं पान लावल्यावर उजेड बंद. अर्ध्या इंचात मात्र दोघांची गाठ तुटते, व्हिटवर्थ १२ आणि यूएनसी १३. तिथे बोल्ट अडतो आणि लोक लांब पाइप लावून पुढे नेतात.

माझ्या कव्हरच्या दोन भोकांत आधीच एम८ चे बोल्ट घुसवलेले होते. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे जाडीत फरक कळतच नाही. पण एम८ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी आणि आपला १.४१. सहा आट्यांत जवळजवळ एक मिमीचा फरक पडतो, आणि बिडाचं हौसिंग काही वाकून घेत नाही, आटे चुरा होऊन बाहेर येतात. तिथूनच तेल झिरपत होतं. दोन्ही भोकांत ५/१६-१८ ची हेलिकॉइल (खराब भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवली. तिचं ड्रिल ८ मिमीपेक्षा मोठं लागतं, त्यामुळे एम८ च्या आट्यांचा मागमूसही उरत नाही. आत ग्रीस लावलेली चिंधी कोंबून ठेवली होती, तरी नंतर चुंबक फिरवून खात्री केली.

क्राउनच्या बोल्टांसाठी पुण्यात नाना पेठेत फिरलो, तिथे जीपवाल्यांच्या दुकानात डोकं कोरं असलेला मालच पुढे आला. मिळाले ते ट्रॅक्टरच्या स्पेअर्सवाल्याकडे. जुन्या मॅसी फर्ग्युसनला यूएनएफ आटे लागतात, त्यामुळे अशा दुकानात चांगला माल असतो. "शेठ, तीन सुती, बारीक आटा, हाय टेन्साइल," म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "चोवीसचा ना?" असा प्रश्न आला की दुकान बरोबर आहे. मुंबईकरांनी नागदेवी स्ट्रीटला चौकशी करायला हरकत नाही.

डोक्यावर सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, तीन म्हणजे ग्रेड ५. ग्रेड ८ आणि मेट्रिकचा १०.९ कसाला साधारण बरोबरीचे. १२.९ चा ॲलन बोल्ट घ्या, तो आणखी भारी, असं एकानं सुचवलं. मी नाही घेतला. त्याच्या गोल डोक्याला लॉक-पट्टीचा कान अडकवता येत नाही, आणि एवढ्या कडक पोलादाला झिंकचा मुलामा असेल तर हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. चकचकीत माल इथे नको, काळाच बरा.

लांबीसुद्धा तपासली. बोल्ट भोकाच्या तळाला टेकला तर टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला वाजणारा पाना) खटकन वाजतो आणि आपण समाधानानं पुढे जातो, पण क्राउन मात्र सैलच राहतो. म्हणून प्रत्येक बोल्ट आधी हातानं पूर्ण आत फिरवून, डोकं केसला टेकल्यावरही खाली आटे शिल्लक राहतात ना, ते पाहिलं.

भोकं आणि बोल्ट थिनरनं धुऊन वाळवले. लाल थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा गोंद) लावून समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्यानं आवळले, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. लॉक-पट्ट्या नव्या बसवल्या. बेअरिंग कॅपवरची अक्षरं हौसिंगवरच्या अक्षरांशी जुळवून ठेवली आहेत. डावी-उजवी अदलाबदल इथे चालतच नाही.

आता डायल गेज लावून बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) मोजायचा, मग दातांना रंग लावून ते कुठे टेकतात त्याचा ठसा बघायचा. शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) जुन्याच पुरतील असा अंदाज आहे. पिनियनचं सील मात्र नवं घेणार.