तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी क्लोनच केलं

"एसएसडी टाकलीत, मग विंडोज नव्याने का नाही टाकलंत? जुनंच का उचलून ठेवलंत?" नवं घर घेतल्यावरही जुने डबे सोबत आणणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत लोक मला हे विचारतात. वर ऐकवतात, "तुम्हीच तर सांगायचात, क्लोन करू नका म्हणून."

सांगायचो. ठासून सांगायचो. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवणं; माझी नवी डिस्क म्हणजे एसएसडी, आत काही न फिरणारी. आणि तेव्हा त्याला कारण होतं. जुन्या विंडोज एक्सपीने केलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, ६३व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) सुरू व्हायचं. एसएसडीच्या आतली पानं ४ केबी किंवा त्याहून मोठी. ६३ त्या हिशेबात बसत नाही, त्यामुळे तसंच क्लोन केलं की एका पानाचा मजकूर दोन पानांवर सांडायचा. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून पार्टिशन १ एमबीच्या सीमेवर सुरू होऊ लागलं. मुद्दा संपला, सल्ला तेवढा फिरत राहिला.

राहिला वेगाचा मुद्दा. मिनिटाला ५४०० फेरे (आरपीएम) घेणाऱ्या जुन्या फिरत्या डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. लॅपटॉप सुरू होताना असे असंख्य बारीक तुकडे वाचायचे असतात. एसएसडी असा एकेक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर उचलते. "मशीनमध्ये फार कचरा साठलाय" असं आपण म्हणायचो, त्यातलं बरंचसं मंदपण हेडच्या धावपळीचं होतं. कचरा होता, अजूनही आहे. पण तो आता पूर्वीइतका आडवा येत नाही.

हे सगळं खरं असलं तरी माझं कारण हे नव्हतंच. माझ्या मशीनवर एक प्रोग्राम आहे. नव्याने टाकला की लायसन्स तपासणारा त्याचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बनवणाऱ्यांनी केव्हाच बंद केला. इन्स्टॉलर माझ्याकडे आहे, लायसन्स की आहे, पण ती तपासून हो म्हणायला पलीकडे कुणी नाही. माझं कित्येक वर्षांचं काम फक्त त्यातच उघडतं. "दुसरं काहीतरी वापरा" असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता त्या संध्याकाळबद्दल. लॅपटॉपमध्ये साटा या जुन्या जोडणीची ५०० जीबीची डिस्क आणि शेजारी रिकामा एम.२ स्लॉट. त्यात १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी बसवली. डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर आधीच पूर्ण काढून टाकला होता. क्लोन बिनतक्रार झालं. मग जुनी डिस्क बाहेर काढली, कारण एकाच ओळखीच्या दोन डिस्क आत ठेवून पहिल्यांदा मशीन सुरू केलं तर विंडोज नव्या डिस्कवरून उठून जुनीवर चालत राहू शकतं आणि पत्ताही लागत नाही. पॉवर दाबली. लोगो आला, खालचे ठिपके गोल फिरायला लागले, हायसं वाटलं. आणि निळा पडदा: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.

पोटात गोळा आला. लोगोच आला नसता तर बूट पार्टिशनवर संशय घेतला असता आणि बीसीडीबूट या विंडोजच्या कमांडने ते पुन्हा बांधलं असतं. इथे विंडोज अर्ध्यापर्यंत आलेलं. मग हळूहळू उलगडलं. सुरुवातीला डिस्क वाचून देतो तो लॅपटॉपचा फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच असलेला प्रोग्राम. विंडोजच्या गाभ्याने, कर्नलने, ताबा घेतला की त्याला डिस्कशी बोलायला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. हे विंडोज जन्मभर साटावरून उठलेलं. एनव्हीएमईचा ड्रायव्हर त्याच्या पोटात होता, पण बूटच्या वेळी लागणाऱ्यांच्या यादीत नव्हता. म्हणजे ज्या डिस्कवरून ते वर आलं, तीच त्याला दिसेना.

पेनड्राइव्हवरून रिकव्हरीत शिरलो, कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि बीसीडीएडिट या कमांडने पुढचं बूट सेफ मोडमध्ये, म्हणजे किमान गरजेच्या गोष्टींनिशी, लावलं. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे मूळ ड्रायव्हर सुरुवातीलाच उचलतं. बिटलॉकर चालू असता तर याच वळणावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली असती. सेफ मोड आला. तो कुरूप, मोठाल्या अक्षरांचा डेस्कटॉप मला इतका देखणा कधी वाटला नव्हता. सेफ मोडची ती खूण काढली, रीस्टार्ट केलं, विंडोज नेहमीसारखं उठलं.

तरी प्रोग्राम उघडायची हिंमत होईना. त्याचं लायसन्स डिस्कच्या हार्डवेअर सीरियलला बांधलेलं असेल तर सगळा खटाटोप फुकट, आणि ते आधी कळायला काहीच मार्ग नव्हता. चहा केला, प्यायलो, मग उघडला. चालला.

"नव्याने टाकलं असतं तर निळा पडदा आलाच नसता." बरोबर. इन्स्टॉलरने समोरची डिस्क ओळखून ड्रायव्हर जागेवर लावला असता. पण निळ्या पडद्याला उपाय होता. बंद सर्व्हरला कुठला उपाय आहे, तेवढं सांगा.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो, कारण तुम्ही ते शोधून काढणारच आहात. रिकव्हरी पार्टिशन सी ड्राइव्हच्या लगेच पुढे येऊन बसलंय. त्यामुळे मागची सुमारे ४६५ जीबी जागा सी ड्राइव्हला सरळ जोडता येत नाही, वेगळा ड्राइव्ह करून वापरतोय. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कधीच फेकून दिलेल्या प्रिंटरची सर्व्हिस अजून रोज तक्रार नोंदवते. तिकडे पाहिलं की माझ्यातला जुना उपदेशक म्हणतो, बघ, सांगितलं होतं. त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही.

शिवाय हे विंडोज १०. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि माझा प्रोसेसर ११च्या अधिकृत यादीत बसत नाही. पुढचं मशीन घेईन तेव्हा या प्रोग्रामचं काय करायचं, याचा विचार जुनी डिस्क हातात घेऊन अधूनमधून करतो. ती पुसलेली नाही. नव्या डिस्कवर सगळं नीट चाललंय, तरी पुसत नाही. त्याचं कारण विचारलंत तर तेही सांगेन, पण आज नको.