कोकरे मोजायची कधी?

कमी पावसाच्या भागात मेंढ्या पाळणाऱ्याला ‘यंदा किती कोकरे झाली?’ असे विचारले, की तो बहुधा जन्मलेल्या कोकरांचा आकडा सांगतो. मीही बरीच वर्षे तोच सांगत असे. आता मात्र नराकडे सोडलेल्या मेंढ्यांमागे दूध तुटेपर्यंत किती कोकरे जगली, एवढेच मी वहीत ठळक लिहितो. समजा, १०० मेंढ्यांपैकी ९० व्यायल्या, त्यांना १०८ कोकरे झाली आणि त्यांतली ८२ टिकली, तर १०८ हा आकडा कितीही गोड वाटला तरी कळपाची खरी मिळकत ८२ इतकीच असते.

हिशेब असा मांडायला लागल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती म्हणजे नुकसान ज्या दिवशी दिसते त्याच्या कितीतरी आधी ते होऊन गेलेले असते. एका वर्षी पाऊस सुरू झाल्यावर, हवा चांगली थंडावली असताना मी नर सोडला आणि तरीही बऱ्याच मेंढ्या सुमारे १७ दिवसांनी पुन्हा माजावर आल्या. मी मेंढ्यांनाच बोल लावत राहिलो. संशय नरावर जायला हवा होता. शुक्राणू तयार होऊन पक्व व्हायला साधारण सात-आठ आठवडे लागतात आणि त्यासाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहावे लागते, त्यामुळे भर उन्हात तापलेला नर जोमदार दिसला, मेंढ्यांवर चढला, तरी त्याचे बीज पुढचे दीड-दोन महिने दुबळे असू शकते. तेव्हापासून नर सोडण्याच्या दोन महिने आधीपासून मी त्याला दुपारी सावलीत बांधतो. अर्थात उलटलेल्या, म्हणजे पुन्हा माजावर आलेल्या, प्रत्येक मेंढीचा दोष नराच्या माथी मारता येत नाही, कारण मेंढी लागल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तिला कडक ऊन सोसावे लागले, तर गर्भ धरूनही मरतो आणि बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

कोरड्या भागातला खरा पेच मात्र चाऱ्याच्या वेळापत्रकाचा आहे. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत दिवस लहान होऊ लागले की मेंढ्या माजावर येतात. उष्ण कटिबंधातल्या अनेक जाती मात्र वर्षभर माज दाखवतात आणि तिथे पोटातला चाराच निर्णायक ठरतो. पाऊस पडून कोवळे गवत आले, की दोन-तीन आठवड्यांत मेंढीच्या अंगावर तेज चढते आणि सुटणाऱ्या स्त्रीबीजांची संख्याही वाढू शकते. पण गाभणकाळ जवळपास १५० दिवसांचा असल्यामुळे हिरवाईत लागलेली मेंढी विते तेव्हा रानात वाळकी काडी उरलेली असते, आणि गर्भाची बहुतांश वाढ तर नेमकी शेवटच्या सहा आठवड्यांतच होते. विण्याची वेळ हिरवाईवर आणावी, तर नर सोडण्याचा काळ उन्हाळी टंचाईत जातो. दोन्ही टोके एकाच पावसात साधत नाहीत. मी नर हिरवाईतच सोडतो आणि राखून ठेवलेली पेंड व शेंगा वर्षभर थोड्याथोड्या वाटण्याऐवजी त्या सहा आठवड्यांसाठी ठेवतो.

कोणाला जास्त द्यायचे हे लोकरीमुळे डोळ्यांना कळत नाही. शेवटच्या बरगडीमागे कण्यावर बोटे दाबली आणि हाडांची टोके करवतीच्या दात्यांसारखी टोचली, की ती मेंढी मी वेगळी काढतो.

म्हणूनच जुळ्यांच्या हव्यासाबद्दल मी जरा साशंक आहे. सुंदरबनातल्या गारोल मेंढीत आढळणाऱ्या फेक-बी जनुकाची एक प्रत मिळाली तरी मेंढी एका माजात जास्त स्त्रीबीजे सोडते, पण तो दलदलीचा प्रदेश आहे. कोरड्या रानात, खुराकाची सोय नसताना, पोटात जुळी असलेली अशक्त मेंढी स्वतःच गाभणकाळातल्या विषबाधेने (चारा अपुरा पडून अंगातली चरबी वेगाने वितळल्याने होणाऱ्या आजाराने) आडवी होऊ शकते आणि व्यायलीच तर कोकरे हलकी निघून चीक अपुरा पडतो. जन्मानंतर थोड्या वेळाने मी कोकराच्या तोंडात बोट घालून पाहतो. तोंड थंड आणि पोट रिकामे लागले, तर दुसऱ्या मेंढीचा चीक पिळून पहिल्या काही तासांतच त्याला पाजतो आणि वहीत त्याच्या नावापुढे आईला खुराक कोणत्या तारखेपासून सुरू केला होता ते लिहितो.