दिवाळीत मेंबर हवेत? मग आधी त्यांना कामाला बोलवा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या रोटरी क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन विषय सुरू होतात. एक, फराळवाटप कधी आणि कुठे. दुसरा, यंदा नवीन मेंबर किती करायचे. दोन्हीच्या कमिट्या वेगळ्या, माणसं वेगळी, मीटिंगाही वेगळ्या. आणि मी दरवर्षी ग्रुपवर एकच गोष्ट लिहिते की बाबांनो, ही दोन कामं वेगळी नाहीतच. हॉटेलात जेवायला बोलावलेला माणूस जेवून घरी जातो, कामाला बोलावलेला माणूस पुढच्या आठवड्यात स्वतःहून फोन करतो. आता इतकी वर्षं हे बघितल्यावर म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढू, कारण आजूबाजूच्या गावातल्या क्लबातले लोकही हेच विचारत असतात.

आमचं गाव तालुक्याचं, कृष्णाकाठचं, चारी बाजूंनी ऊस. क्लब रोटरीचा आहे पण लायन्सवाल्यांचंही फार काही वेगळं नसतं, त्यांचंही वर्ष जुलैला सुरू होऊन जूनला संपतं, म्हणजे दिवाळी येते तेव्हा नवीन अध्यक्षांचा पदग्रहणाचा हार सुकून गेलेला असतो, पहिल्या तीन महिन्यांचा उत्साह ओसरलेला असतो आणि मेंबर वाढवायचं टार्गेट मात्र तसंच असतं. २०२१-२२ ला कोलकात्याचे शेखर मेहता रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते, त्यांनी प्रत्येकानं एक मेंबर आणायचा अशी मोहीम काढली होती. मोहीम मला मनापासून आवडली होती. फक्त आणलेला माणूस टिकवायचा कसा हे ज्याच्या त्याच्या गावातच ठरतं, ते वरून कुणी सांगू शकत नाही.

तर आधी रक्तदानाचं सांगते, कारण आमच्याकडे सगळं तिथून सुरू झालं.

दिवाळीत आणि मे महिन्यात रक्तपेढ्यांत रक्त कमी पडतं. कॉलेजं बंद म्हणजे कॉलेजातली शिबिरं बंद, नेहमीचे रक्तदाते गावाला गेलेले, कंपन्यांना सुट्टी. पण बाळंतपणं थांबत नाहीत, हायवेवरचे अपघात तर सुट्टीत वाढतात, आणि थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराच्या, मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना दिवाळी आहे म्हणून थोडं थांबा असं म्हणता येत नाही. बरं, आधी गोळा करून ठेवावं म्हटलं तर लाल पेशी ३५ दिवस, फार तर ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. म्हणून एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो पिशव्या निघाल्या तरी दिवाळीतली गरज त्यानं भागत नाही. शिबिर दिवाळीतच व्हायला लागतं. आम्ही ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घेतो. पुण्या-मुंबईची पोरं अजून परतलेली नसतात, माहेरवाशिणी गावात असतात, आणि मुख्य म्हणजे पाडव्याचं वहीपूजन होऊन गेल्यामुळे व्यापारी मंडळी मोकळी झालेली असतात. पाडव्याच्या आधी दुकानदार मेंबरला कुठल्याही कामाला बोलावू नका, तो येणार नाही आणि त्यानं येऊही नये, त्याच्या वर्षाची कमाई त्या आठवड्यात असते.

शिबिरात पहिलं टेबल असतं हिमोग्लोबिन तपासायचं. बऱ्याच ठिकाणी अजून ती निळ्या पाण्याची पद्धत आहे, मोरचुदाचं द्रावण छोट्या ग्लासात, त्यात बोटाचा एक थेंब सोडायचा. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे, पास. मध्येच थांबला, हेलकावला आणि वर यायला लागला तर नाही. तो थेंब वर यायला लागला की समोर बसलेल्या बाईचा चेहरा बघवत नाही हो. घरून नटूनथटून, पोरांना सासूकडे ठेवून, खास रक्त द्यायला म्हणून आलेली असते आणि तिला सांगायचं की ताई, तुमचं नाही घेता येणार. आणि अशा बायका थोड्याथोडक्या नसतात, प्रत्येक शिबिरात असतात, शिकलेल्या, नोकरीवाल्या, चांगल्या घरातल्यासुद्धा.

पूर्वी त्या तशाच परत जायच्या. मग आमच्या एका डॉक्टर मेंबरनी सुचवलं की यांना परत कशाला पाठवायचं, लोहाच्या गोळ्यांचं समजावून सांगूया आणि ज्यांना वेळ आहे त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवूया. एका प्राथमिक शाळेतल्या बाईंना असंच बसवलं. त्यांनी दुपारपर्यंत असे काही फॉर्म भरून घेतले की एकही वजन, एकही वय, मागच्या रक्तदानाची एकही तारीख सुटली नाही, पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने झालेत का हे त्या दरडावून विचारत होत्या, अगदी वर्गात विचारतात तसं. पुढच्या शिबिराला त्यांना बोलवायला लागलंच नाही. त्या आता क्लबच्या मेंबर आहेत, प्रोजेक्टचं सगळं त्याच बघतात. त्यांना आम्ही मेंबर व्हा असं कधी म्हटलं हे मला आठवतही नाही, त्यांनीच एक दिवस फॉर्म मागितला.

आता उसाकडे येते.

साधारण दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. ज्या दिवशी आपल्या दारात आकाशकंदील लागतो त्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहत असतात. एक जोडपं म्हणजे एक कोयता असा तिथला हिशोब, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मार्चपर्यंत इथंच. मुलं बरोबर. फराळवाटप तिथंच करायचं हे आमच्या क्लबात बरीच वर्षं चालू आहे. घरटी एक पाकीट चकली-शंकरपाळे-लाडू गोळा करायचे आणि नेऊन द्यायचे. चांगलंच आहे ते, मुलांचे चेहरे खुलतात, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण एका वर्षी टोळीतल्या एका मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, लाडू गोडच हायेत, पर लेकरास्नी काहीतरी गरम बघा, पहाटं लई गारठा असतोय."

त्यांच्या दिवसाचा विचार करा जरा. पहाटे अंधारातच फडावर जायचं, लहान पोरं कोपीत एकमेकांच्या अंगावर सोडून किंवा मग फडाच्या बांधावर नेऊन झोपवायची. बायका तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढवतात. संध्याकाळी आल्यावर सरपण, पाणी, स्वयंपाक. अशा ठिकाणी आपण सकाळी अकराला बॅनर घेऊन गेलो तर भेटणार कोण? म्हातारी आणि पोरं. म्हणून आम्ही आता संध्याकाळी सात-साडेसातनंतर जातो, आधी मुकादमाला फोन करून, आणि बरोबर लेडी डॉक्टर असतात. बायका अंधारात, कोपीच्या आडोशाला, हळूहळू बोलायला लागतात. पाळीचं, पाठीचं, अंगावरच्या दुखण्याचं. फोटो काढत नाही आम्ही. डिस्ट्रिक्टला, म्हणजे रोटरीच्या आमच्या विभागाला, रिपोर्ट पाठवायला फोटो लागतो हे मला माहितीये, मी स्वतः सेक्रेटरी होते, पण आम्ही सामान भरतानाचा फोटो पाठवतो आणि कुणी काही म्हणत नाही.

तर त्या मावशींच्या बोलण्यावरून स्वेटर गोळा करायचं ठरलं. गावातून पोतीच्या पोती कपडे आले, आणि उघडून बघितलं तर निम्म्यांच्या चेन तुटलेल्या, बटणं नाहीत, बाह्या उसवलेल्या. असलं दुसऱ्याच्या लेकराला द्यायचं का? बाजारपेठेतले एक टेलरकाका आहेत, दिवाळीपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते पण दिवाळी झाली की काम एकदम बसतं. त्यांना विचारलं. ते म्हणाले आणा दुकानात. संध्याकाळी गेले तर काका आणि त्यांचा कारागीर, दोघंही मशीनवर, एका बाजूला चेन बदललेल्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला अगदीच टाकाऊ कपडे, त्यांचीच कापून बटणं काढलेली एका डब्यात. पैशाचं विचारल्यावर त्यांनी हातानंच गप्प केलं. नंतर टोळीवर आमच्याबरोबर आले आणि पोरांच्या अंगावर मापानं एकेक स्वेटर चढवून, खांदा बरोबर बसतोय का बघून देत होते.

त्यांना मेंबर करायचं मी सुचवलं तेव्हा क्लबात थोडी कुजबुज झाली. उघड कुणी बोललं नाही, पण डॉक्टर, वकील, सीए, बिल्डर, कारखान्याचे अधिकारी असा आपला क्लब, त्यात टेलर कसा वाटेल, असा सूर होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. मग मी पुढच्या मीटिंगला रोटरीचीच गोष्ट सांगितली. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत जी पहिली बैठक झाली त्यात चार जण होते. पॉल हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी, गस्टाव्हस लोएर खाणीतला इंजिनियर आणि हिराम शोरी, हा कपडे शिवायचा धंदा करणारा. आळीपाळीनं एकमेकांच्या कामाच्या जागी भेटायचं म्हणून नाव रोटरी. वेगवेगळ्या धंद्यातली माणसं एकत्र यावीत हाच तर पाया, पहिल्या चौघांत शिंपी होता आणि आपल्याला शंभर वर्षांनंतर तो चालत नाही? काका मेंबर झाले. एकमतानं झाले, हे आवर्जून सांगते.

असंच बायकांचं. क्लबात मेंबरांच्या बायकांना अजून अ‍ॅन म्हणतात. फराळाची भाजणी, पाकिटं, मुलांच्या स्पर्धा, सगळं त्यांच्याच अंगावर, पण मेंबर कोण तर नवरा. बायकांना क्लबात घेण्याबद्दलचा अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल १९८७ चा, रोटरीनं स्वतः नियम बदलला १९८९ ला, आता तिथं बायका जागतिक अध्यक्ष होऊन गेल्या. मग ज्या वहिनी वर्षानुवर्षं काम करतायत त्यांनाच आधी फॉर्म द्या ना. इनरव्हील हा बायकांचा वेगळा क्लब आहे, चांगलं काम करतात त्या, ज्यांना तिथं जायचंय त्यांनी जरूर जावं, पण हा क्लबही त्यांचा आहे हे सांगायला कुणीतरी पाहिजे.

पुण्याहून सुट्टीला आलेल्या पोरांना आम्ही मेंबर करत नाही. दिवाळीत सही करतील आणि नंतर मीटिंगला कशी येणार? त्यांना कामाला मात्र घेतो, भरपूर घेतो. गाड्या चालवायला, रक्तदात्यांची यादी नीट एक्सेलमध्ये करायला, नाश्त्याचं बघायला. आणि त्यांना सांगतो की तू जिथं राहतोस तिथला रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचा तरुणांचा, क्लब शोध, १८ च्या पुढं कुणालाही जाता येतं, ३० ची वरची अट २०२० ला गेली. दोघा-तिघांनी खरंच केलं. आमच्या क्लबचा आकडा वाढला नाही पण कुठंतरी कुणाचा तरी वाढला, काय बिघडलं?

पैशाचं पण मोकळेपणानं बोलायला हवं. नवीन माणसाला पहिला प्रश्न असतो वर्गणी किती, आणि आपले लोक म्हणतात "ते बघू हो नंतर". नंतर नाही, आधीच सांगा. वरची, म्हणजे जागतिक रोटरीची, वर्गणी वर्षातून दोनदा लागते, १ जुलै आणि १ जानेवारीला क्लबात जेवढे मेंबर तेवढ्यांची. म्हणून डिसेंबरात क्लबाक्लबात यादी साफ करायचं काम चालतं, जे येत नाहीत त्यांना विचारून नावं काढतात. ऑक्टोबरात आग्रहानं घेतलेला माणूस जानेवारीत बिल बघतो आणि त्याला वाटतं आपल्याला फसवलं. आमच्याकडे आता वर्गणी किती, त्यातली वर किती जाते, क्लबात किती राहते आणि जेवणाचा खर्च किती हे एका कागदावर लिहून देतो. जेवणाचा खर्च कमी केला आम्ही, मीटिंगला पोहे आणि चहा. त्यावरही वाद झाला, अजून होतो, पण टेलरकाकांना आणि शाळेतल्या बाईंना परवडायला हवं असेल तर पोहेच बरे.

एक पोलिओचं राहिलं, ते सांगतेच. २४ ऑक्टोबर जागतिक पोलिओ दिवस, बऱ्याचदा दिवाळीच्याच आसपास येतो. भारतातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडली आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या कामात रोटरी १९८५ पासून होती. वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या कोप्या, स्टेशनं, इथपर्यंत डोस पोचवले म्हणून ते जमलं, कारण फिरतीवरची मुलंच यादीतून सुटतात. अजूनही सुटतात, पोलिओचीच नव्हे तर गोवरची, सगळ्याच लसींची. म्हणून टोळीवर गेलो की आम्ही पाच वर्षांच्या आतल्या मुलांची नावं, वय आणि शेवटची लस कधी हे लिहून घेतो आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना देतो. त्या लगेच येतात, त्यांनाही ही यादी हवीच असते. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच काम देते मी. वही आणि पेन, बास. एकेका कोपीपुढं खाली बसून "बाळाचं नाव काय, कुठल्या गावचं" हे विचारत फिरलेला माणूस परत येतोच असा माझा अनुभव आहे.

यंदाचं शिबिर नेहमीसारखंच भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊपासून, मराठी शाळेच्या हॉलमध्ये. १८ पूर्ण आणि वजन ४५ किलोच्या वर हवं. उपाशीपोटी येऊ नका, फराळ करूनच या, पाणी भरपूर प्या, आदल्या रात्री जागरण नको. रक्त घेता आलं नाही तरी लगेच घरी जाऊ नका, नोंदणीच्या टेबलावर बाई आहेत, त्या काम देतील. स्वेटर शनिवारपर्यंत टेलरकाकांच्या दुकानात आणून द्या, धुतलेले. मेंबरशिपचा फॉर्म शिबिरात ठेवलेला नसेल, कुणी मागितला तर डिसेंबरात देऊ.