गावच्या घराची वाळवी : सोळा लिटर ते साडेतीनशे लिटर

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची लाकडी चौकट, बांधायला स्टुलावर चढलो. कवंडाळाचं रानफळ अडकवताना माटवीची पट्टीच हातात आली. वरचा रंग शाबूत, आत नुसती माती. आजोबांनी करून घेतलेली माटवी होती ती. आई खाली हार करत बसली होती. तिने वर पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा हार करायला घेतला.

आमचं घर कुडाळ तालुक्यात. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, आत सुमारे ११०० चौरस फूट. मी डोंबिवलीला, आई वर्षातले सहा महिने गावी. म्हणजे घर अर्धं वर्ष बंद. विसर्जन झाल्यावर बॅटरी घेऊन फिरलो तेव्हा देवघराची चौकट, माजघरातलं भिंतीतलं कपाट आणि न्हाणीलगतची भिंत, तिन्हीकडे मातीच्या रेघा चढलेल्या दिसल्या.

पहिली चूक मी घाईत केली. मुंबईला परतायचं होतं, म्हणून ओळखीतून मिळालेल्या माणसाला बोलावलं. त्याने चार रुपये चौरस फूट दर सांगितला, एकूण ४४०० रुपये. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप एकदाच भरला आणि भिंतींच्या कडेने, चौकटींवरून फवारत तासाभरात अख्खं घर आटोपलं. वास इतका उग्र होता की आई दोन रात्री पडवीत झोपली. जाताना तो म्हणाला, परड्यातल्या रोयणीतही औषध ओततो, दीड हजार जास्त पडतील. आई उंबऱ्यातच उभी राहिली. ‘‘रोयणीक हात लावूक मी दिवचंय नाय.’’ आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात आणि सातेरी देवी रोयणीच्या रूपातच पुजली जाते. तिच्या नजरेला नजर देऊन मी तो विषय तिथेच मिटवला.

दिवाळीला आलो तर पुसलेल्या रेघा बोटभर अंतरावर नव्याने उभ्या होत्या. ४४०० रुपये पाण्यात गेले.

मग मात्र सावकाश चौकशी केली. दोघांनी प्रत्यक्ष घर पाहून दर दिला. एकाने ११ रुपये चौरस फूट, म्हणजे १२,१०० आणि वर १८ टक्के जीएसटी मिळून १४,२७८. दुसरा लांबून येणार होता, त्याचे १९,५०० आणि कर धरून २३,०१०. घर तेच, वाळवी तीच, आणि पहिला माणूस धरला तर ४४०० पासून २३,००० पर्यंतचा पल्ला! मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला : जमिनीत नेमकं किती लिटर औषध जाणार?

हा प्रश्न मला आधी सुचला असता तर बरं झालं असतं. आमच्याकडची ही वाळवी जमिनीतून येते. लाकडावर दिसते ती तिची वाट, मूळ खाली मातीत. त्यामुळे उभ्या घरात औषध मातीपर्यंत पोचवायचं असेल तर भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे भोकं पाडावी लागतात. इमारतींतल्या वाळवीबद्दलच्या भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात हे सगळं लिहिलेलं आहे : १२ मिलिमीटरचं भोक, दर ३० सेंटिमीटरवर एक, आणि प्रत्येकात माती पिईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर. चौकटीचं लाकूड भिंतीला मिळतं तिथे ६ मिलिमीटरची तिरकी भोकं, दर १५ सेंटिमीटरवर, तिथे जास्तीत जास्त अर्धा लिटर. आमच्या खोल्यांच्या आतल्या कडा मोजल्या तर अडीचशेच्या आसपास भोकं झाली. त्यापुढे सोळा लिटर म्हणजे काय, हे कागदावर मांडल्यावर मला स्वतःचाच राग आला.

११ रुपयेवाले भाऊ आले तेव्हा आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक चौकट ठोकून पाहत गेले. पोकळ आवाज आला की खडूने फुली. स्वयंपाकघरातल्या फणसाच्या दाराला काही झालं नव्हतं, आंब्याच्या फळ्यांचं कपाट मात्र संपलं होतं. आईच्या पलंगाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली पाहून ते म्हणाले, ‘‘ही वाळवी नव्हे काकी, हा घुण, लाकूड पोखरणारा किडा. जमिनीतल्या औषधाने तो जायचा नाही.’’ २३ हजारांच्या दरात याच पलंगाचे पैसे वाळवी म्हणून धरले होते.

त्यांच्याकडून कळलं की चौरस फुटाचा दर हा निव्वळ अंदाज असतो, खरी मेहनत जमिनीवर आणि भिंतीवर ठरते. पडवी शेणाने सारवलेली, तिथे भोक पटकन होतं, पण माती औषध भराभर पिते. स्वयंपाकघरात टाइल्स, तिथे सांध्यातच भोक घ्यायचं, नाहीतर टाइल तडकते, म्हणून वेळ दुप्पट. माजघरात आजोबांच्या वेळचा लाल कोबा. भोकं बुजवताना सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड कालवलं नाही तर आयुष्यभर पांढरे ठिपके दिसतात. त्या रंगाचे वेगळे ३०० रुपये मी आनंदाने दिले. जांभ्याच्या भिंतीची गोष्ट निराळीच. आमचं जुनं बांधकाम मातीच्या सांध्यांचं, दगडांमध्ये पोकळ्या. जोत्यात तिरकं भोक पाडून औषध सोडलं की ते कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. चिरेबंदी घराला औषध जास्त लागतं ते यामुळे.

औषध कोणतं, यानेही दर हलतो. क्लोरपायरीफॉस २० टक्के स्वस्त पडतं, एका लिटरला एकोणीस लिटर पाणी, पण वास जबर. त्यांनी सुचवलं इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर. वास जवळजवळ नाही आणि वाळवीला ते ओळखू येत नाही, त्यामुळे ती त्यातून ये-जा करते आणि मरते. बाटली सीलबंद आणायची आणि माझ्यासमोर उघडायची, एवढी एकच अट मी घातली. कीटकनाशकाचा परवानाही बघून घेतला. परवाना विचारल्याचं त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न बावीचा, म्हणजे विहिरीचा होता. आमची बाव मागच्या भिंतीपासून जेमतेम पंधरा फुटांवर आणि तेच पाणी आम्ही पितो. जांभ्यातून पाणी किती झपाट्याने झिरपतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. भाऊंनी स्पष्ट सांगितलं, मागच्या बाजूला बाहेरून औषध सोडणार नाही, आतही त्या भिंतीला फक्त लाकडावर काम करू. २३ हजारवाल्यांनी तिथे मातीत पुरायच्या आमिषाच्या डब्या धरल्या होत्या. पद्धत चांगली, पण त्या डब्या पुनःपुन्हा येऊन तपासाव्या लागतात, आणि आमचं घर बंद. मी नको म्हटलं. विष कमी घालणाऱ्याला मी काम दिलं, याचं मला आजही समाधान आहे. रोयणीबद्दल ते म्हणाले, ‘‘ती चाळीस फुटांवर आहे, घरातली वाळवी तिच्यातलीच असेल असं नाही. आपण घराभोवती बघू.’’ आईने त्यांना लगेच चहा टाकला.

काम जानेवारीत ठेवलं. पावसाळ्यात ओल्या जमिनीत औषध मुरत नाही, वाहून जातं. त्याआधी दोन कामं आम्हालाच करायची होती. न्हाणीचा गळका पाइप प्लंबरने २३०० रुपयांत बदलला. मागच्या भिंतीला टेकवून रचलेली लाकडं आणि नारळाची चुडतं मी आणि शेजारच्या काकांनी मिळून दूर मांगरात, म्हणजे आवारातल्या खोपट्यात नेली. याला पैसा लागला नाही, पण वाळवीला इतकी वर्षं आम्हीच जेवायला घालत होतो हे तेव्हा कळलं.

दोन माणसं, हॅमर ड्रिल आणि दीड दिवस. मध्ये वीज गेली म्हणून दुपार वाया गेली. दोनशे लिटरचं पिंप पावणेदोन वेळा भरलं, म्हणजे आतली भोकं, जोतं आणि चौकटी सगळं मिळून साडेतीनशे लिटर. काही भोकांनी पाव लिटरही घेतलं नाही, न्हाणीजवळच्या कोपऱ्यातल्या भोकांनी पूर्ण लिटर प्यायलं.

औषधापेक्षा सुतारच महाग पडला. देवघराची चौकट, कपाटाच्या फळ्या, नवी माटवी आणि पलंगाच्या भोकांत सिरिंजने औषध, सगळं मिळून १७,४००. त्या गणपतीच्या आदल्या वर्षीच ठोकून बघितलं असतं तर यातलं निम्मं तरी वाचलं असतं.

हमीचा कागद सही करण्याआधी पूर्ण वाचला. तीन वर्षांची हमी, पण वर्षातून एकदा त्यांना घर तपासू दिलं तरच. कुठे गळती झाली किंवा फरशी उखडून नवी घातली, तर तेवढ्या भागाची हमी संपते. बंद घर असलेल्या चाकरमान्यांनी पहिली अट नीट बघावी, कारण तपासणीला कुणी दारच उघडलं नाही तर उरलेली वर्षं कागदावरच राहतात. आम्ही किल्ली काकांकडे ठेवली आणि त्यांचा फोन नंबर हमीच्या कागदावर लिहून घेतला.

जूनच्या पहिल्या पावसानंतर काकांनी फोटो पाठवला : मागच्या भिंतीवर, बावीच्या बाजूलाच, वीतभर लांबीची नवी रेघ. भाऊ तिसऱ्या दिवशी आले, रेघ खरवडली, वरच्या वाशात भोकं घेऊन औषध भरलं, पैसे घेतले नाहीत. त्या गणपतीत माटवी बांधायच्या आधी आईने स्वतः पट्टी बोटांनी ठोकून ऐकली, मग कवंडाळं माझ्या हातात दिली.