‘४के’ प्रोजेक्टरची तक्रार मी कशी तडीस नेली

जुने मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहता यावेत, म्हणून निपाणीतील आमच्या घरासाठी मी परराज्यातील एका विक्रेत्याकडून ऑनलाइन प्रोजेक्टर मागवला. जाहिरातीत आणि खोक्यावर ‘४के’ असे ठळक छापले होते आणि त्याच भरवशावर मी पैसे मोजले. प्रत्यक्षात श्रेयनामावलीतील अक्षरे फुटलेली दिसत होती, आणि वर्गणी भरून घेतलेल्या ॲपवरचे चित्रपट तर त्याहूनही पुसट दिसत होते. ‘तुमचं इंटरनेट स्लो असेल, सर,’ असे विक्रेत्याने फोनवर सांगितले; पण त्याच जोडणीवर घरातील टीव्ही स्वच्छ चालत होता.

इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला सोबत घेऊन मी तपासणी केली. लॅपटॉप जोडून एका पिक्सेलच्या (चित्राच्या सर्वांत लहान ठिपक्याच्या) आड एक अशा काळ्या-पांढऱ्या रेघांचे चित्र लावले, तेव्हा रेघांऐवजी सपाट राखाडी पट्टा दिसला. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात पॅनेलचे, म्हणजे यंत्रात चित्र तयार करणाऱ्या भागाचे, मूळ रिझोल्युशन (आडव्या-उभ्या पिक्सेलची संख्या) १२८० × ७२० दिले होते. ४के म्हणजे ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. आमच्या यंत्रात त्याच्या बरोबर एक नवमांश, ९ लाख २१ हजार ६०० होते. यंत्र ४केचा सिग्नल स्वीकारते आणि तो आपल्या लहान पॅनेलवर दाबून बसवते, एवढ्यावरच ती जाहिरात उभी होती.

दुसरी मर्यादा तर कुठेच छापलेली नव्हती, आणि मला तीच अधिक गंभीर वाटते. ॲपवरील चित्रपट कॉपी होऊ नयेत म्हणून ‘वाइडवाइन’ नावाची संरक्षण-व्यवस्था असते. तिचा एल-१ स्तर असलेल्या यंत्रात कुलूपबंद चित्रपट उलगडण्याचे काम चिपच्या सुरक्षित भागात होते. एल-३ असेल, तर अनेक सेवा सुमारे ४८० ओळींपुढचे चित्र देतच नाहीत. यंत्राची डीआरएम-माहिती, म्हणजे अशा कॉपीविरोधी संरक्षणाची माहिती, दाखवणाऱ्या मोफत ॲपमध्ये आमच्या प्रोजेक्टरपुढे एल-३ असे आले. कंपनीने स्वतः प्रमाणित किल्ली पुरवल्याखेरीज ग्राहकाला हा स्तर बदलता येत नाही. बाहेरची स्ट्रीमिंग स्टिक जोडून पाहिली, तर आवाज सुरू आणि पडदा काळा, कारण प्रोजेक्टरचे एचडीएमआय पोर्ट (बाहेरचे यंत्र जोडायची खाच) एचडीसीपी ही जोडणीवरची दुसरी कॉपीविरोधी तपासणी पार करत नव्हते.

या साऱ्याची छायाचित्रे, बिल, खोके आणि जाहिरातीच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट मी जपून ठेवले. प्रथम कंपनीला ईमेल केला. उत्तरात सॉफ्टवेअर अपडेटचे आश्वासन आले. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येते, ही आमच्या सीमाभागात मोठीच सोय आहे. मात्र हेल्पलाइन कंपनीकडे तक्रार पाठवते, आदेश देऊ शकत नाही. आणि कंपनीने ‘४के हे इनपुटचे रिझोल्युशन आहे’ असे कळवून विषय संपवू पाहिला. हेच लेखी उत्तर पुढे माझा सर्वांत भक्कम पुरावा ठरले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे विक्रेता परराज्यातला असूनही प्रकरण बेळगावात दाखल करता आले, आणि किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्कही लागले नाही. ई-जागृती पोर्टलवर इंग्रजीत तक्रार, शपथपत्र आणि कागदपत्रांची सूची चढवली. तक्रारीत ‘चित्र चांगले नाही’ असे मोघम लिहिण्याचे मी कटाक्षाने टाळले. छापलेला दावा, मोजलेली वस्तुस्थिती आणि लपवलेली मर्यादा ही तीन कलमे स्वतंत्र मांडली, आणि कलम २(२८) मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या त्यांना जोडली.

नोटीस मिळताच कंपनीने पूर्ण परताव्याची तयारी दाखवली. तडजोडीच्या मसुद्यात ‘उत्पादनात कोणताही दोष नव्हता’ असे वाक्य होते. ते काढल्याशिवाय सही करणार नाही, असे मी कळवले. वाक्य वगळले गेले, पैसे खात्यात जमा झाले आणि त्यानंतरच मी तक्रार मागे घेतली.

जाहिरात मात्र तशीच झळकत होती. म्हणून त्याच कायद्याच्या कलम १७ खाली बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मी वेगळा अर्ज दिला आहे. पॅनेलचे मूळ रिझोल्युशन, वाइडवाइनचा स्तर आणि एचडीसीपीची आवृत्ती या तिन्ही गोष्टी ‘४के’ इतक्याच ठळक अक्षरांत छापायला कंपनीला भाग पाडावे, अशी मागणी त्यात केली आहे.