अकरा दिवस की नऊ?

वकिलीच्या दुसऱ्याच वर्षी सीनियर मॅडमनी एक फाइल माझ्या टेबलावर ठेवली. आश्रयाचा अर्ज फेटाळलेला, अपिलं संपलेली, आणि त्या गृहस्थांना मायदेशी धाडायला उरलेले २६ दिवस. "आता जिनिव्हाच," मॅडम म्हणाल्या.

जिनिव्हा म्हणजे संयुक्त राष्ट्रांची छळविरोधी समिती. १९८४च्या छळविरोधी करारावर लक्ष ठेवणारे १० तज्ज्ञ. या कराराचं तिसरं कलम सांगतं, की जिथे छळ होईल असं मानायला भक्कम कारणं आहेत, तिथे कुणालाही परत पाठवायचं नाही. माणूस चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. मात्र २२व्या कलमाखाली त्या देशानं वैयक्तिक तक्रारी मान्य केलेल्या असाव्या लागतात. ते मी सगळ्यात आधी पाहिलं, मान्य होतं. निनावी तक्रार चालत नाही, तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे गेलेलं चालत नाही, देशातले उपाय संपलेले लागतात. ही जुळवाजुळव दोन दिवसांत उरकली.

घोडं अडलं ते दिवसांवर. आश्रयाच्या पहिल्या मुलाखतीत ते म्हणाले होते, कोठडीत ११ दिवस होतो. दुसऱ्या मुलाखतीत ९. नकाराच्या आदेशात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: विश्वासार्ह नाही. मी विचारलं तर म्हणाले, खोलीतला बल्ब कधी बंदच व्हायचा नाही, पहारेकरी बदलले की मी एक दिवस धरायचो. मधे किती वेळा शुद्ध हरपली, ते कसं मोजणार?

मी मुकाट्याने सगळीकडे ११ करायला निघाले होते. मॅडमनी कान उपटले. "दोन्ही आकडे लिही. बल्बही लिही." छळ झालेल्या माणसाकडून तंतोतंत तपशिलाची अपेक्षा क्वचितच करता येते, असं समितीनं १९९६मध्येच 'अलान विरुद्ध स्वित्झर्लंड' प्रकरणात म्हटलेलं. ते वाचल्यावर मला माझीच लाज वाटली.

मग वैद्यकीय अहवाल. त्यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल आहे, म्हणजे छळाच्या खुणा कशा तपासायच्या आणि नोंदवायच्या याची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका, १९९९ची, २०२२मध्ये सुधारलेली. डॉक्टरबाईंनी आधी त्यांना विचारलं, कुठल्या खुर्चीत बसाल? त्यांनी दाराकडे तोंड असलेली निवडली. तपासणी तीन तास चालली. तळपायावर फटके मारलेले. बाई अंगठ्यानं टाच हळूहळू दाबत होत्या आणि ते छताकडे बघत होते. अहवालात मनगटावरच्या व्रणांना 'अत्यंत सुसंगत' असा शेरा, तळपायाच्या दुखण्याला नुसतं 'सुसंगत', कारण ते दुखणं इतरही बऱ्याच कारणांनी होऊ शकतं. मी हिरमुसले. पायांचंच तर सगळ्यात भयंकर होतं! मॅडम उलट खूश. सगळीकडे वरचा शेरा मारणाऱ्या डॉक्टरवर कोण विश्वास ठेवणार?

शिवाय मागचे व्रण पुरत नाहीत. धोका आजचा, खरा आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला येणारा आहे हे दाखवावं लागतं. त्यांच्या नावाचं ताजं अटक वॉरंट भावानं फोटो काढून पाठवलं, ते जोडलं.

तक्रारीसोबतच अंतरिम संरक्षणाची विनंती केली, नाहीतर निर्णय येईपर्यंत माणूस विमानात. उरले होते सात दिवस. चौथ्या दिवशी समितीचं पत्र आलं: प्रकरण विचाराधीन असेपर्यंत परत पाठवू नये, अशी सरकारला विनंती केली आहे. विनंतीच, हुकूम नव्हे. पण सरकारनं पाळली.

सरकारचं उत्तर यायला सहा महिने लागले. पहिल्याच पानावर ११ आणि ९. आमच्या तक्रारीत ते आधीच होतं, परिच्छेद १४मध्ये. मी त्यांना तो वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: बल्ब पांढरा नव्हता, पिवळा होता.

ती दुरुस्ती आमच्या प्रत्युत्तरात गेली. निर्णय अजून यायचा आहे.