मोहाच्या झाडाखाली आलेला कोड

परतवाड्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. मार्चमधली गोष्ट. शटर वर करून झाडू मारत होतो, तेवढ्यात फोन आला. धारणी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या ताई होत्या.

"भाऊ, मेल उघडूनच नाई राहिला. चना घेनाऱ्यानं ऑर्डर मेलवर धाडली म्हनते. पाचच्या आत भाव अन् माल किती ते लेखी पायजे त्याले. सकाळपासून नुसता गोल फिरून राहिला."

फोनवरून सुटण्यासारखं नव्हतं. दुचाकी काढली. सेमाडोह, हरिसाल करत घाटाच्या रस्त्यानं पोचायला तीन तास लागले.

ऑफिस म्हणजे गोदामाची पुढची खोली. जुना लॅपटॉप, छतावर बांबूला बांधलेला डोंगल, आणि ओटीपीसाठी एक बटणांचा मोबाइल. डोंगलचं सिम एका कंपनीचं, मोबाइलचं दुसऱ्या. त्या दुसऱ्या कंपनीची रेंज गावात फक्त वळणावरच्या मोहाच्या झाडाखाली. सकाळी ताईंनी मला फोन केला तोही तिथूनच.

ब्राउझरमध्ये मेल उघडायचा म्हणजे अख्खं पान दरवेळी नव्यानं उतरवायचं. नेट मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी मी एकच गोष्ट बसवतो, थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या घरातला, मुक्त स्रोत म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा, पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ची. फुकट आहे, लोकांच्या देणग्यांवर चालतो, आणि मीही वर्षाकाठी पाचशे रुपये पाठवतो. कारण मेळघाटात माझं अर्धं काम तोच करतो. पत्रं आपल्या मशीनवर उतरवून ठेवतो, मग रेंज असो की नसो, वाचता येतात.

इन्स्टॉलर माझ्या पेनड्राइव्हवर होताच. बसवल्यावर नाव आणि मेल पत्ता टाकला. एरवी पुढची माहिती तो स्वतः शोधून भरतो, पण त्यासाठीही नेट लागतं, आणि ते तर धापा टाकत होतं. म्हणून हातानं भरली. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरची पत्रं आणायची पद्धत, imap.gmail.com म्हणजे आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी, म्हणजे पत्रं पाठवायची पद्धत, एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५. दोन्हीकडे एसएसएल, म्हणजे कुलूपबंद जोडणी. ओळख पटवायची पद्धत 'ओ-ऑथ २', म्हणजे पासवर्ड थंडरबर्डला न देता गूगलच्याच खिडकीत टाकायचा. बरेच जण इथंच फसतात. जुने व्हिडिओ बघून 'नॉर्मल पासवर्ड' ठेवतात आणि बरोबर पासवर्ड टाकूनही खातं उघडत नाही म्हणून डोकं धरून बसतात. साध्या खात्यांसाठी गूगलनं ती वाट मे २०२२च्या अखेरीस बंद केली.

गूगलची खिडकी उघडली, पासवर्ड घेतला आणि म्हणाली, मोबाइलवर आलेला कोड टाका.

ताईंनी दारातूनच हाक दिली. एक पोट्टा मोबाइल घेऊन वळणाकडे पळाला. दहाएक मिनिटांनी धापा टाकत परतला, मोबाइल खिशात आणि कोड तळहातावर बॉलपेननं लिहिलेला. "मेसेज मिटून गेला तर? म्हनून लिहून आनला," म्हणाला. पण घामानं चौथा आकडा पसरला होता. एक की सात? त्यानं घाईघाईनं खिशातून मोबाइल काढला, मेसेज तसाच होता. सात. खातं उघडलं. तो तळहात मी अजून विसरलेलो नाही.

मग लगेच दोन कामं केली, ती केल्याशिवाय अशा नेटवर थंडरबर्ड सुरूच करू नये. पहिलं, 'ऑल मेल' हा फोल्डर यादीतून काढला. जीमेलमध्ये इनबॉक्समधलं पत्र तिथंही असतं, म्हणून तेच पत्र दोनदा उतरत बसतं. दुसरं, मजकूर फक्त मागच्या ३० दिवसांचाच साठवायला सांगितला. चार वर्षांचे फोटो आणि पीडीएफ त्या डोंगलवर उतरवायचे तर रात्र गेली असती.

यादी सरकू लागली. वरून तिसरी ओळ ऑर्डरची. ताईंनी ती उघडली, जोडलेली फाइलही उतरली, आणि लाइन गेली.

पंखा थांबला. डोंगल मेला. घड्याळात पावणेतीन. ताईंचा चेहरा पार उतरला. "गेलं ना भाऊ सारं?"

"काहीच नाही गेलं. लॅपटॉपची बॅटरी आहे. वाचा तुम्ही."

ऑर्डर समोर उघडीच होती. त्यांनी दोनदा वाचली. वहीतून गोदामातल्या पोत्यांचा हिशेब काढला, संचालकाला शेतातून बोलावून भाव ठरवला आणि उत्तर टाइप करायला बसल्या. मी थंडरबर्डला 'ऑफलाइन' केलं होतं. पाठवा म्हटलं की पत्र आउटबॉक्समध्ये जाऊन थांबतं, हे त्यांना सांगितलं. त्यांना पटेना. नेट नाही तर पाठवायचं कसं? मी म्हटलं, पोस्टाच्या पेटीत टाकल्यासारखं. डाकिया येईल तेव्हा उचलेल.

बटण दाबलं. 'आउटबॉक्स'पुढं एकचा आकडा आला.

त्यानंतरचा वेळ लई जड गेला. बाहेर बाया मोहफुलं वाळत घालत होत्या, तो वास खोलीभर होता. बॅटरी ३१ टक्क्यांवर आली म्हणून स्क्रीन मंद केली. ताई दर पाच मिनिटांनी पंख्याकडे बघत होत्या.

चार वाजून वीस मिनिटांनी पंखा फिरला. डोंगलचा हिरवा दिवा लागायला आणखी सहा मिनिटं. थंडरबर्ड 'ऑनलाइन' केल्याबरोबर त्यानं विचारलं, थांबलेली पत्रं पाठवू का? ताईंनी स्वतः 'हो' दाबलं. निळी पट्टी अर्ध्यावर अडकली, पुन्हा सरकली, आणि आउटबॉक्सपुढचा एक पुसला गेला.

त्यांनी 'सेंट' फोल्डर उघडला आणि स्वतःचंच पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. भाव, क्विंटल, खाली कंपनीचं नाव. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "उद्या लाइन नसली तरी हे असंच दिसन ना, भाऊ?"

"दिसेल."

अंधाराआधी सेमाडोह ओलांडायचं होतं. मी चहा अर्धाच ठेवून उठलो.